गप्प विमान आणि आमचा कट्टा

परवा कट्ट्यावर वाद झाला. प्रवासी विमानाशी संपर्क तुटला की लढाऊ विमानं का धाडतात, असा विषय निघाला. आमचे एक स्नेही ठणकावून म्हणाले, "गुरुजी, उत्तर दिलं नाही तर पाडायचंच! त्यासाठीच तर पाठवतात." चौघांनी माना डोलावल्या. मला राहवेना, म्हणून हे लिहितोय.

अहो, १६ फेब्रुवारी २०१७ ला मुंबईहून लंडनला निघालेल्या विमानाचा जर्मनीवर असताना संपर्क तुटला. आत तीनशेहून जास्त माणसं, त्यांत आपलीही किती असतील. जर्मन हवाई दलाची विमानं जवळ गेली, संपर्क पुन्हा जुळला आणि सगळे लंडनला सुखरूप उतरले. कट्ट्याचा न्याय लावला असता तर?

रडारवर दिसतो तो नुसता ठिपका. आत काय चाललंय ते जवळ जाऊनच बघावं लागतं. रेडिओ बंद असेल तर लढाऊ विमान पंख हलवून 'माझ्या मागून ये' अशी खूण करतं. समजलं, तर तोही पंख हलवतो. ही खुणांची भाषा जगभर ठरलेली आहे.

१४ ऑगस्ट २००५ ला सायप्रसहून अथेन्सला निघालेलं हेलिऑस कंपनीचं विमान असंच गप्प झालं. ग्रीसच्या एफ-१६ विमानांनी जवळून पाहिलं, तर कॅप्टनची खुर्ची रिकामी, सहवैमानिक कलंडलेला, प्राणवायूचे मुखवटे लोंबताहेत. हवेच्या दाबाचं बटण चुकीच्या जागी राहिलं होतं. १२१ माणसं गेली. त्यांना वाचवता आलं नाही, हे कबूल. पण ते उत्तर का देत नाहीत, हे तिथे जाऊन पाहिल्यावरच कळलं ना?

विमान पाडण्याची वेळ कधीच येणार नाही, असं मी म्हणत नाही. २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर जर्मनीने तसं कलमच केलं होतं. तिथल्या घटना न्यायालयाने १५ फेब्रुवारी २००६ ला ते रद्द केलं. आतल्या निरपराध माणसांना वस्तू समजून मारता येणार नाही, असं म्हणून. एवढ्या मोठ्या न्यायालयाला जे जड गेलं, ते आम्ही चहाच्या घोटाबरोबर ठरवून मोकळे!

सहावीच्या वर्गात एक पोरगा प्रश्न विचारला की गप्प उभा राहायचा. उर्मट समजून मी त्याला छडी मारली. पुढे कळलं, त्याला ऐकूच कमी येत होतं. जवळ जाऊन विचारायला मला चार पावलंसुद्धा चालावी लागली नसती.

असो.