खेळ माणसं जोडतो म्हणे!

भारत जिंकला की हे वाक्य येतंच, "बघा, खेळानं देश एक केला!" परवा शेंद्र्यात चहाच्या टपरीवरही ऐकलं. मला नाही पटत.

मुंबईची पंचरंगी स्पर्धा आठवा. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि १९३७ पासून 'रेस्ट'. मैदान खच्चून भरायचं, पण संघ धर्मावर! विजय हजारे ख्रिश्चन, म्हणून 'रेस्ट'कडून. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याच्या! गांधीजींनी १९४० मध्ये विरोध केला, तरी स्पर्धा १९४६ पर्यंत चाललीच.

पालवणकर बाळूंची गोष्ट तर जास्त बोचते. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात त्यांच्या हातचा चेंडू चालायचा, चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेटी काढल्या. हिंदू संघाचं कप्तानपद? कधीच नाही. १९२० मध्ये भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतलं, ओरड झाली, तेव्हा कुठे १९२३ मध्ये धाकटा विठ्ठल कप्तान झाला. भांडून मिळालं ते, विकेटी काढून नव्हे.

आणि आपण? एमआयडीसीत शिफ्टची टीम असते तेव्हा सगळे एकत्र खेळतात. तीच पोरं रविवारी आपापल्या गल्लीकडून उतरतात, आणि आपल्याकडे गल्ल्या कशा ठरतात ते काय सांगायचं!

असो. यंदा ट्रॉफीची वर्गणी मागायला याल तर आधी टीमची यादी दाखवा. मग पाकीट काढतो.