पायी गेलं की पाप लागत नाही!

मार्च उजाडला की आमच्या ट्रेकवाल्यांच्या ग्रुपवर एकजण हमखास उसासा टाकतो, "रूपकुंड कधी उघडणार रे?" मग धडाधड मेसेज येतात. न्यायाधीशांना डोंगरातलं काय कळतं. वनखात्याला काम नको, म्हणून कुलूप. घाण करतात ते पर्यटक, भरडले जातात ते खरे ट्रेकर. या शेवटच्या वाक्यावर तर अंगठ्यांचा पाऊस पडतो.

गेली काही वर्षं मी हा पाऊस मुकाट्याने बघतोय. आता बोलतो. उत्तराखंडातलं रूपकुंड तळं न्यायालयाने बंद केलं नाही. आपण केलं. 'पर्यटक' नावाच्या कुणा परक्या जमातीने नव्हे, तर साठ लिटरची सॅक, दोन काठ्या आणि 'सह्याद्रीची लेकरं' असं छापलेले टीशर्ट घेऊन गेलेल्या आपण.

आपल्या डोक्यात एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या पक्की बसली आहे, ती म्हणजे पायी गेलं की पाप लागत नाही. गाडीने महाबळेश्वरला जाऊन कणसं खाणारा तो पर्यटक. त्याने प्लास्टिक टाकलं की तो नतद्रष्ट. आपण मात्र घाम गाळतो, दम लागतो, पायाला फोड येतात, म्हणजे आपलं तिथं जाणं आपोआप पवित्र. जणू घाम म्हणजे गंगाजलच. ज्या गवतावर आपला बूट पडतो त्याला कसं कळावं की हा बूट ट्रेकरचा आहे?

आता माझंच पाप सांगतो. 2015 च्या सप्टेंबरात मी रूपकुंडला गेलो. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे दिवसभर जीप, आणि रात्री लोहाजंग. तिथून दिदना गाव, मग बांज-बुरांसचं जंगल चढून एकदम डोळ्यांसमोर उलगडतात ते आली आणि बेदनी बुग्याल. बुग्याल म्हणजे झाडांची हद्द संपल्यावरची डोंगरमाथ्यावरची कुरणं. साडेतीन हजार मीटरच्या आसपास, नजर पोचेल तिथवर हिरवं, समोर त्रिशूल. असं काही बघितलं की माणूस गप्प होतो म्हणतात. आमची बॅच गप्प झाली नाही. पहिला प्रश्न आला, "नेटवर्क आहे का?"

बेदनीला तंबू किती होते? पन्नासच्या पुढे मी मोजायचं सोडून दिलं. लाल, पिवळे, निळे. लग्नाच्या मोसमातलं मैदान वाटावं. प्रत्येक तंबूभोवती पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून कुदळीने चर खणलेला. बुग्यालचं गवत म्हणजे आपल्या माळावरचं गवत नव्हे, हे तिथं कुणी सांगत नाही. ती विणलेल्या सतरंजीसारखी एकसंध चादर असते. निम्मं वर्ष ती बर्फाखाली दबलेली असते आणि वाढायला तिला उन्हाळा-पावसाळ्याचे मोजके महिने मिळतात. तिच्यात एक चर पाडला की पुढच्या पावसात त्यातून माती निघते, त्याच्या पुढच्या पावसात ओघळ होतो, आणि काही वर्षांनी तिथं घळ असते. उत्तरकाशीकडच्या दयारा बुग्यालमध्ये अशा घळी बुजवायला नारळाच्या काथ्याच्या जाळ्या अंथराव्या लागल्या. समुद्रकाठचा काथ्या हिमालयाच्या जखमेला पट्टी म्हणून बांधायची वेळ आली, यातच सगळं आलं.

आणि शौचाचे तंबू! यावर ट्रेकची वर्णनं लिहिणारे कधी लिहीत नाहीत, त्यांची लेखणी सूर्योदयातच अडकते. एक खड्डा, त्यावर चेन लावलेला उभा तंबू, शेजारी मातीचा ढीग आणि खुरपं. 'इको-फ्रेंडली' म्हणतात त्याला. कोकणात खड्ड्यात पुरलेलं काही महिन्यांत मातीला मिळतं. थंडीत ते काम मंदावतं, गोठलेल्या जमिनीत जवळजवळ थांबतंच. आदल्या बॅचचा खड्डा भरला की शेजारी नवा, आणि मोसमभर दर दिवशी नवी बॅच. त्याच उताराच्या खाली गावाचं पाणी. पण आपण खुरप्याने दोन मुठी माती टाकली, आपलं कर्तव्य संपलं.

सामान वाहत होती खेचरं. तंबू, गॅसचे सिलिंडर, अंड्यांचे ट्रे, आणि कंपनीने माहितीपत्रकात मिरवलेले गुलाबजाम. हो, भगवाबासा नावाच्या वरच्या मुक्कामी, दगडधोंड्यांत, जिथे श्वास घेताना छाती भरून येते, तिथे आम्ही गुलाबजाम खाल्ले. त्या गुलाबजामांसाठी खेचर वर आलं, खेचराला चरायला बुग्याल लागलं, त्याच्या खुरांनी वाटेशेजारी चार नव्या वाटा पडल्या. माझी सॅकसुद्धा खेचरावरच होती. तरी उतरल्यावर मला सर्टिफिकेट मिळालं. खेचराला नाही.

बेदनीच्या पुढे पातरनचौनी नावाची जागा आहे. तिची दंतकथा गढवालात पोराटोरांना ठाऊक आहे. कनौजचा राजा जसधवल नाचणाऱ्या बायांचा ताफा घेऊन, गाजावाजा करत नंदादेवीच्या या मुलखात आला. देवी कोपली. नाचणाऱ्या बायकांना तिने इथेच गाडलं आणि राजाचा सगळा लवाजमा वर रूपकुंडाशी गारांनी मारला. गढवालच्या लेखी नंदादेवी ही माहेरवाशीण. बारा वर्षांनी निघणारी राजजात यात्रा म्हणजे तिची सासरी पाठवणी. लेकीला निरोप द्यायला लोक याच वाटेने जातात, पुढे चार शिंगांचा मेंढा चालतो. तर ही कथा गाइडने आम्हाला नेमकी त्याच जागी सांगितली. सांगून झाली, आणि आमच्यातल्या एकाने सॅकच्या खिशातून ब्लूटूथचा डबा काढून 'झिंगाट' लावलं. तेव्हा 'झिंगाट' नव्हतंच, म्हणाल? बरोबर, ते नंतर आलं. गाणं दुसरंच कुठलं तरी होतं. नाच तोच होता. मीही दोन पावलं टाकली.

आता तळं. समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरच्या आसपास, बर्फाच्या कड्याखाली. पहाटे अंधारात निघायचं, हेडलॅम्पच्या माळेमागे माळ, अरुंद पायरीवर वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकमेकांना थांबवणारे. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या दरवाजात होते तीच चेंगराचेंगरी, फक्त हवा निम्मी. आणि वर पोचल्यावर? रूपकुंड हे खरं तर एक लहानसं डबकं आहे. आमच्यातला एक बोललाच, "एवढंसंच?" एवढंसंच. ते मानससरोवर नाही. तिथं बघायला माणसं जातात ती हाडांसाठी.

1942 मध्ये वनरक्षक हरिकिशन मधवाल यांना ही हाडं दिसली. शेकडो माणसांचे सांगाडे. कवट्या, मांड्यांची हाडं, चामड्याच्या चपला. पुढे कित्येक वर्षं तर्क चालले. काही कवट्यांवरच्या गोल खोकांवरून गारांच्या माऱ्याचा निष्कर्ष निघाला, म्हणजे दंतकथा अगदीच पोकळ नव्हती. मग 2019 मध्ये 38 जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि सगळ्यांची मती गुंग झाली. 23 जण भारतीय उपखंडातले, साधारण हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे, आणि तेही एकाच वेळी मेलेले नव्हेत. 14 जण थेट भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या वंशाचे, एक आग्नेय आशियातला, आणि हे पंधरा जण जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचे. ग्रीस-क्रीटकडची माणसं या तळ्याकाठी कशाला आली होती, हे कोडं अजून सुटलेलं नाही. या हाडांचा अभ्यास करणाऱ्यांत आपल्या पुण्याच्याच डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे होते.

आणि आम्ही काय केलं? एका सपाट दगडावर कुणीतरी आधीच चार-पाच कवट्या आणि लांब हाडं नीट रचून ठेवली होती, गणपतीपुढे आरास करावी तशी. फोटोसाठी. मी रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढच्याने एका कवटीवर स्वतःचा गॉगल चढवला. हशा पिकला. माझा नंबर आल्यावर मी गॉगल काढला, आणि मला वाटलं मी फार सुसंस्कृत. मग कवटीशेजारी बसून अंगठा वर केला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. कुणाची तरी आई असेल ती. सगळं झाल्यावर भगवा फडकला, "छत्रपती शिवाजी महाराज की जय" झालं.

ज्यांचा जयजयकार केला त्यांच्या राज्याची रीत तरी आठवायची. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडाबद्दल काय सांगून ठेवलंय? वाटेवर, बाजारात, तटावर काडीचाही केर दिसता कामा नये. झाडलेला केर गडाखाली फेकायचा नाही. जागच्या जागी जाळायचा आणि राख परसातल्या भाजीला घालायची. आम्ही चॉकलेटचे कागद खिशात ठेवले म्हणून स्वतःची पाठ थोपटली, आणि बाकीचं पाच दिवसांचं सगळं डोंगरात पुरून आलो.

ऑगस्ट 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने निकाल दिला. बुग्यालमध्ये रात्रीचा मुक्काम बंद, जाणाऱ्यांची संख्या 200 वर आणायची, पक्की बांधकामं हटवायची. याचिका त्याच भागातल्या बुग्याल संरक्षण समितीची होती. दिल्लीतल्या कुणा वातानुकूलित पर्यावरणवाद्याची नव्हे, हे ग्रुपवरच्या विद्वानांनी लक्षात घ्यावं. मुक्कामच नाही म्हटल्यावर रूपकुंड एका दिवसात होत नाही. बॅचेस बंद पडल्या.

"पण मग स्थानिकांच्या पोटाचं काय?" हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. वाण, दिदना, लोहाजंगमधल्या गाइड, पोर्टर, खेचरवाल्यांचं उत्पन्न एका निकालाने आटलं. त्यांनी चिडावं, त्यांचा तो हक्क आहे. पण पुण्या-मुंबईतल्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न आला की मला हसू येतं. ट्रेकचे पैसे भरताना 'आणखी पाचशे कमी करा ना' म्हणून घासाघीस करणारे आपणच. पोर्टरच्या पायात फाटके कॅनव्हासचे बूट बघून फोटो काढणारे आपणच. आपल्याला त्यांचं पोट आठवतं ते आपली सुट्टी बुडते तेव्हा.

आणि हे पहिल्यांदा घडतंय असंही नाही. रूपकुंडाच्या पलीकडचं नंदादेवीचं अंगण, जिथे 1934 मध्ये शिप्टन आणि टिलमन ऋषिगंगेच्या घळीतून पहिल्यांदा शिरले, ते 1974 मध्ये मोहिमांना खुलं झालं. जेमतेम दशकभरात तिथे एवढा कचरा आणि एवढी तोड झाली की 1983 मध्ये दार लावावं लागलं. तेव्हा तिथे रविवारचे पर्यटक नव्हते हो. निवडक, कसलेले, पायी गेलेले गिर्यारोहक होते. म्हणजे 'खऱ्या' माणसांनीच ते दार बंद पाडलं. तरी आपण शिकलो काय? रूपकुंड बंद झालं, तर त्याच लोहाजंगहून ब्रह्मतालच्या बॅचेस भरायला लागल्या. गाडी तीच, पाटी बदलली. तेही बंद पडलं की भृगू, केदारताल, काश्मीरची तळी आहेतच. एक कुरण खाऊन झालं की दुसरीकडे वळायचं. मेंढरांवर तरी मेंढपाळ असतो.

उपाय आहे, आणि तो साधा आहे. फुलांच्या घाटीत रात्री राहता येत नाही. घांघरियाला मुक्काम, दिवसा वर जा, संध्याकाळी खाली या. घाटी अजून फुलते. जिथं हे जमत नाही, तिथं सोडत काढा. गाइड गावातलाच, आणि दर तो सांगेल तो. आपली घाण ज्याने त्याने डब्यात भरून खाली आणायची, गुलाबजाम खाल्ले असतील तर विशेष आठवणीने. आणि माझी सर्वांत नावडती अट: जो एकदा जाऊन आला त्याने पुन्हा अर्ज करायचा नाही. पंगतीत आपलं ताट झालं की उठायचं असतं; मागे उपाशी उभे असतात. मी उठलो आहे.

पण मला उपदेशाचा अधिकार आहे, असं समजू नका. परवा कोथरूडला एका जुन्या ट्रेकमित्राकडे गेलो होतो. दिवाणखान्यात काचेचं कपाट. त्यात शिवरायांची मूर्ती, मुलीची स्पर्धेतली ढाल, आणि मधोमध एका छोट्या डबीत कापसावर ठेवलेलं बोटाच्या पेराएवढं पिवळट हाड. 2015 मध्ये त्याने ते साबणाच्या डबीत घालून आणलं, तेव्हा मी शेजारच्याच तंबूत होतो. मला माहीत होतं. माणूस कनौजचा की क्रीटचा, हजार वर्षांपूर्वीचा की दोनशे, हे त्या हाडात लिहिलेलं असेल, आणि ते वाचू शकणारी माणसं येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात बसतात, गाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. माझ्या देखत त्याच्या मुलीने विचारलं, "बाबा, हे कुणाचं?"

"रूपकुंडचं," तो म्हणाला.

कुणाचं, असं तिने विचारलं होतं. मी काही बोललो नाही. चहा घेतला, बिस्कीट घेतलं, घरी आलो. दर मार्चला ग्रुपवर उसासा टाकणारा तो हाच.