कागदावर नसलेली माणसे

चांदणी चौक मागे टाकून गाडी पौड रस्त्याला लागली की थोड्याच वेळात भूगाव येते. खरे म्हणजे आता ते 'येत' नाही. पुणे कुठे संपले आणि भूगाव कुठे सुरू झाले, हे पाटी वाचल्याखेरीज कळत नाही. उंच इमारती, मंगल कार्यालये, रविवारची वाहनांची रांग आणि त्यांच्या फटीतून अजून दिसणारा मानस तलाव. या रांगेत अडकलो की मला दोनशे वर्षांपूर्वीचे इंग्लंड आठवते. हे ऐकून घरचे हसतात. पण त्या आठवणीला कारण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील युरोप म्हटला, की शाळेच्या पुस्तकातली वाफेची इंजिने डोळ्यांपुढे येतात. १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर आगगाडी धावू लागली, गिरण्यांची धुरांडी उभी राहिली, हे सारे खरेच. पण त्याआधी आणि त्याबरोबरच खेड्यात एक निःशब्द उलथापालथ चालली होती. गावाच्या सामाईक कुरणात गाय चारणे, सरपण गोळा करणे, कापणीनंतर शेतातली कणसे वेचणे यांवर गरिबांचे संसार चालत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८३० पर्यंत ब्रिटिश पार्लमेंटने हजारो कायदे करून या जमिनींना कुंपणे घातली. ज्याच्याजवळ हक्काचा कागद होता, त्याला वाटा मिळाला. ज्याच्याजवळ नुसती वहिवाट होती, त्याच्या हाती बहुधा काही लागले नाही.

हेल्पस्टन गावच्या जॉन क्लेअर या शेतमजूर कवीने आपल्या गावाला कुंपण पडताना पाहिले आणि तो त्याच्या कवितेचा विषय झाला. १८११ पासून नॉटिंगहॅमच्या परिसरात विणकरांनी मागांची मोडतोड सुरू केली. पुढच्याच वर्षी सरकारने त्या गुन्ह्याला फाशीची शिक्षा ठेवली. १८१९ साली मँचेस्टरला मताधिकार मागणाऱ्या जमावावर घोडदळ घातले गेले. १८३२ मध्ये मताधिकार वाढला, तोही मुख्यतः मालमत्तेचा कागद असणाऱ्यांपुरता. कागद नाही त्याला जमीन नाही आणि मतही नाही, असा तो हिशेब होता.

हाच हिशेब शंभर वर्षांनी मुळशी खोऱ्यात मांडला गेला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी टाटा कंपनीने सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते कोकणात सोडण्याच्या योजना आखल्या. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. पाठोपाठ मुळशीचा क्रम लागला आणि आंबेमोहोर पिकवणारी खाचरे बुडणार हे ठरले. १६ एप्रिल १९२१ या दिवशी, रामनवमीला, मावळे धरणाच्या जागी सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली.

लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. सरकारची दडपशाही हे त्याचे एक कारण. दुसरे कारण बोलताना आपला आवाज खाली येतो. खोऱ्यातली बरीच जमीन कर्जापोटी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेली होती. नुकसानभरपाईचा आकडा पटला, तेव्हा नाव असलेले राजी झाले. नांगर धरणारे उघडे पडले. १९२७ मध्ये भिऱ्याच्या वीजघरातून मुंबईला वीज गेली. त्या विजेवर मुंबई वाढली आणि त्या मुंबईवर आपल्यापैकी अनेकांची घरे चालली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या गिरण्यांसाठी गावे बुडाली, त्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक मिटल्या. गावे मात्र पाण्याखालीच राहिली.

आता तिसरी पाळी. पुण्याची वाढ, मुळशी तालुक्यातच असलेले हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान केंद्र, रुंदावणारे रस्ते यांनी भूगावसारख्या गावांच्या जमिनीला सोन्याचा भाव आणला. या खेपेला सातबाऱ्यावर शेतकऱ्याचे स्वतःचे नाव आहे आणि व्यवहारही राजीखुशीचा आहे. मग रडायचे कशाला?

बँकेच्या नोकरीत जमिनीचे पैसे घेऊन आलेली कुटुंबे मी काउंटरपलीकडून पाहिली. धनादेश पुरुषाच्या नावाचा असे. सोबतची बाई बाकावर पदर सावरून बसलेली. दोन वर्षांत खात्यातून गाडी जाई, बंगला जाई, लग्न जाई. आणि मग एके दिवशी तीच बाई पासबुक घेऊन एकटी येई, 'साहेब, यात किती उरलंय?' असे विचारायला. उत्तर देताना मी खालीच पाहत असे. त्याच रानात भांगलण करून हात फाटलेल्या त्या बाईचे नाव ना उताऱ्यावर होते, ना खात्यावर. २००५ च्या कायद्याने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेताना तिला साडीचोळीपलीकडे काय मिळते, हे प्रत्येकाने आपल्या घरापुरते आठवावे. जमीन विकलेल्या घरातल्या तरुणांचे पुढे काय होते, हे 'मुळशी पॅटर्न'ने २०१८ मध्ये पडद्यावर मांडले. बाकावरच्या बाईचा चित्रपट अजून निघायचा आहे.

युरोपही सावरला, पण आपोआप नव्हे. १८१० साली स्कॉटलंडमधील रुथवेल गावी हेन्री डंकन या धर्मोपदेशकाने गरिबांच्या चार पैशांसाठी बचत बँक काढली. १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक कापडगिरण्यांतून बाहेर काढले. १८४४ मध्ये रॉचडेलच्या मूठभर कामकऱ्यांनी सहकारी दुकान उघडले. आपल्या सहकाराचे मूळ तिथवर जाते. आणि आपल्याकडेही हडपसरला मगरपट्ट्याच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून नगर वसवले. जमिनीच्या प्रमाणात ते कंपनीचे भागधारक झाले. जमीन गेली तरी मालकी उरली.

बदल थांबवा, असे मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीचे कितीतरीजण भूगावच्या इमारतींत सुखाने राहतात, तेही कष्टाच्या पैशानेच. मागणे एवढेच आहे. रान विकायचा विषय निघेल त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना, सासरी गेलेल्या लेकींनाही, ओसरीवर बसवा. आलेल्या पैशातला काही भाग घरच्या बाईच्या नावे मुदतठेवीत घाला. त्या रानात वर्षानुवर्षे राबलेल्या गड्याला रिकाम्या हाताने वाटेला लावू नका. आणि सही करण्यापूर्वी तो कागद सर्वांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचा. त्यात कोणाचे नाव नाही, ते तेव्हा आपोआप ऐकू येईल.