कॉपर-टी बसवताना दुखतं, मग भूल का दिली जात नाही?

दाढ काढायची असेल तर डेंटिस्ट आधी हिरडीत इंजेक्शन देतात. बोटाला टाके घालायचे असले तरी ती जागा बधिर केली जाते. पण कॉपर-टी बसवताना किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणीसाठी काढताना अनेक ठिकाणी 'थोडं दुखेल, अंग सैल सोडा' एवढंच सांगितलं जातं.

या फरकावर गेल्या काही वर्षांत अमेरिका आणि ब्रिटनमध्ये बरीच चर्चा झाली. अनेक महिलांनी सोशल मीडियावर आपले अनुभव मांडले. डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शक सूचनाही बदलल्या.

नेमकं कशामुळे दुखतं?

कॉपर-टी बसवताना गर्भाशयाचं तोंड चिमट्याने धरून स्थिर केलं जातं. मग बारीक सळई आत घालून गर्भाशयाची खोली मोजतात आणि शेवटी नळीतून कॉपर-टी आत सोडतात. यातल्या प्रत्येक टप्प्यावर कळ येऊ शकते. काहींना घाम फुटतो, नाडी मंदावते, चक्कर येते. हा घाबरटपणा नाही, ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया असते.

प्रत्येकीला सारखंच दुखत नाही. नैसर्गिक प्रसूती झालेल्या महिलांना सहसा कमी त्रास होतो. आधीच्या तपासणीचा वाईट अनुभव, लैंगिक अत्याचाराचा आघात किंवा मनातली धास्ती यांमुळे वेदना वाढू शकतात.

सूचनांमध्ये काय बदललं?

ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं, की कॉपर-टीसारखं साधन बसवण्याआधी प्रत्येक महिलेशी संभाव्य वेदनांबद्दल बोलावं आणि तिच्या पसंतीनुसार उपाय ठरवावा. मे 2025 मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या एसीओजी या संघटनेने ही भूमिका बायोप्सी, हिस्टेरोस्कोपी अशा इतर प्रक्रियांनाही लागू केली. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजने डिसेंबर 2020 मध्येच म्हटलं होतं, की हिस्टेरोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाची दुर्बिणीतून तपासणी, पूर्ण भूल देऊन करून घेण्याचा पर्याय महिलेला सुरुवातीपासूनच द्यावा.

म्हणजे रुग्णाने मागितलं तर भूल द्यायची, असं नाही. विषय डॉक्टरांनी आधी काढायचा आहे.

उपाय कोणते?

लिडोकेन हे औषध स्प्रे, जेल किंवा क्रीमच्या रूपात लावता येतं. गर्भाशयमुखाच्या बाजूला त्याचं इंजेक्शनही देता येतं. आयबुप्रोफेनसारख्या गोळीने नळी आत जातानाची कळ फारशी कमी होत नाही, नंतर पोटात येणाऱ्या कळांवर मात्र अशा गोळ्या उपयोगी पडतात. गर्भाशयमुख मऊ करणारं मिसोप्रोस्टॉल सरसकट देऊ नये, असं सीडीसी सांगते.

मग हे सगळीकडे का होत नाही?

लिडोकेन नवं नाही आणि महागही नाही. पण इंजेक्शनची सुईही टोचते, ओपीडीतला वेळ वाढतो आणि औषधाचा परिणाम प्रत्येकीवर सारखा होत नाही. शिवाय रुग्णाला जितकं दुखतं त्यापेक्षा डॉक्टरांचा अंदाज कमी असतो, असं अभ्यासात दिसलं आहे. बाईने सोसलंच पाहिजे, या समजुतीत वाढलेल्या अनेकजणी दुखलं तरी बोलत नाहीत.

पण याची किंमत मोठी असू शकते. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला तर गर्भाशयाचा कॅन्सर नाही ना, हे पाहण्यासाठी बायोप्सी लागू शकते. पहिल्या अनुभवाने धसका घेतलेली महिला हीच तपासणी टाळण्याची शक्यता असते.

भारतात काय?

इथे सरकारी दवाखान्यांत कॉपर-टी मोफत बसवली जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं, की संमती घेण्याआधी रुग्णाला उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय सांगायला हवेत. तो निकाल वेदनाशमनाबद्दल नव्हता, पण पुरेशी माहिती मिळण्याचा रुग्णाचा हक्क त्यातून अधोरेखित झाला.

त्यामुळे टेबलावर जाण्याआधी हे प्रश्न जरूर विचारावेत: किती दुखू शकतं? जागा बधिर करता येईल का? सोबतीला कुणी थांबू शकेल का? आणि मी 'थांबा' म्हटलं, तर तुम्ही थांबाल ना?