मंगळवारी जग संपणार होतं

यंदा घटस्थापना २२ सप्टेंबरला, सोमवारी आली. परडी नाही म्हणून केकच्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये माती पसरून मी सात धान्यं पेरली, वर पाणी शिंपडलं आणि हात धूत होते तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या काकू. (इथल्या पद्धतीप्रमाणे माझी मुलगीसुद्धा त्यांना नावाने हाक मारते. सत्तरी ओलांडलेल्या बाईला नावाने हाक मारणं मला नऊ वर्षांत जमलेलं नाही, म्हणून मनातल्या मनात त्या माझ्या काकूच.) एका हातात त्यांच्या घराची किल्ली, दुसऱ्या हातात मांजराच्या खाण्याची भलीमोठी पिशवी.

"उद्या किंवा परवा मी नसेन. मांजराला सकाळ-संध्याकाळ वाटीभर घालशील?"

मला वाटलं, बहिणीकडे चालल्या. "परत कधी?" म्हणून विचारलं, तर जरा थांबून म्हणाल्या, "परत नाही यायचं." आणि मग सगळं सांगितलं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका गृहस्थांना ख्रिस्ताने दर्शन देऊन तारीख सांगितली होती म्हणे. २३ किंवा २४ सप्टेंबर, ज्यू नववर्षाचे दिवस. ख्रिस्त येणार आणि त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना वर उचलून घेणार. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात टिकटॉक आहे त्यांना हे सप्टेंबरात दिसलं असेलच.

दार लावल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकू वर जाणार, आणि मांजर सांभाळायला मी खाली उरणार! राग आला की हसू आलं, मला नक्की सांगता येणार नाही. नवरा म्हणाला, "बरोबरच आहे. आपलं अजून इथलंच ग्रीन कार्ड झालेलं नाही, वरचं कोण देणार?" आम्ही दोघं हसत होतो आणि जिन्यात बसून नऊ वर्षांची लेक सगळं ऐकत होती.

मंगळवारी सकाळी तिने विचारलं, "आई, आज सगळं संपणार असेल तर गृहपाठ कशाला नेऊ?" प्रश्न चोख होता. मी तिला माझ्या आजीकडून ऐकलेली अष्टग्रहीची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी १९६२ मध्ये आठ ग्रह मकर राशीत एकत्र आले आणि देशभर हाहाकार उडाला. ठिकठिकाणी यज्ञ झाले, लोकांनी प्रवास रद्द केले. आजीच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं, ते या धास्तीने पुढे ढकललं. जग काही बुडालं नाही, पण लग्न मे महिन्यात लागलं आणि उकाड्याने वऱ्हाडातली दोन माणसं मांडवातच चक्कर येऊन पडली. लेक हसली, गृहपाठ घेऊन गेली. बसमध्ये चढताना मात्र तिने एकदा वर आभाळाकडे बघून घेतलं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. काकूंची गाडी दारात, पडदे ओढलेले. किल्ली माझ्याकडे होती, तरी जाऊन बघायचा धीर झाला नाही. आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी गुरुवारी येते. गुरुवारी सकाळी काकू डबा ओढत रस्त्याच्या कडेला घेऊन आल्या. मीही आमचा डबा घेऊन गेले. अशा वेळी काय बोलतात? 'वाईट वाटलं' म्हणायचं की 'बरं झालं'? मी हवेबद्दल काहीतरी बोलले. त्या म्हणाल्या, "दोन रात्री जागी होते. मला वाटलं होतं, या वेळी ह्यांची भेट होईल."

त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. ख्रिस्त येईल तेव्हा आधी मेलेले उठतील, मग जिवंत असलेले त्यांच्यासोबत घेतले जातील, असं पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. हे मी नंतर वाचलं. काकू ज्याच्यासाठी किल्ली देऊन मोकळ्या झाल्या होत्या ते हे होतं, आणि मी सोमवारी रात्री त्यावर विनोद करून हसले होते.

मी इतिहासात एम.ए. केलं, पाच वर्षं शाळेत इतिहास शिकवला. नोकरी सुटली तरी खोड सुटत नाही. वाचनालयातून पुस्तकं आणली तेव्हा कळलं, की अमेरिकेतल्या अशा तारखांपैकी सर्वांत गाजलेली तारीख आमच्या घरापासून दीड तासावर ठरली होती. आम्ही राहतो अल्बनीजवळ. दसऱ्यानंतरच्या शनिवारी व्हरमाँटला पानांचे रंग बघायला निघालो होतोच, तर वाटेत राज्याच्या सीमेलगत लो हॅम्प्टनला थांबलो. तिथे विल्यम मिलरचं घर आहे, शेजारी छोटं पांढरं चॅपल, आणि मागे मेपलच्या झाडांत एक सपाट, रुंद कातळ. २२ ऑक्टोबर १८४४ रोजी मिलर आणि त्याची माणसं त्या कातळावर ख्रिस्ताची वाट बघत थांबली होती, असं सांगतात.

मिलर शेतकरी होता, १७८२ चा जन्म. १८१२ साली इंग्रजांशी सुरू झालेल्या युद्धात कॅप्टन. तरुणपणी 'देव असेल, पण माणसांच्या भानगडीत पडत नाही' अशा मताचा. युद्धानंतर मत पालटलं, आणि दोन वर्षं बायबलातलं एकेक वचन दुसऱ्याशी ताडत बसला. दानीएलाच्या आठव्या अध्यायात २३०० दिवसांचा उल्लेख आहे. भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे एक वर्ष, आणि मोजणी इसवी सनपूर्व ४५७ पासून, कारण त्या सुमारास इराणच्या राजाने यरुशलेमेसंबंधी फर्मान काढलं. २३०० वजा ४५७, उरले १८४३. इसवी सनपूर्व १ नंतर थेट इसवी सन १ येतं, मध्ये शून्य वर्ष नसतं, म्हणून उत्तरात एक मिळवायला हवा, हे मागाहून लक्षात आलं. माझ्या सातवीच्या वर्गात दरवर्षी निम्मी मुलं इथेच चुकायची!

१८३१ पासून मिलर गावोगाव बोलू लागला. बोस्टनच्या जोशुआ हाइम्सने त्याच्यासाठी वृत्तपत्रं काढली, तक्ते छापले, मोठाले तंबू उभारले. अनुयायी पन्नास हजार ते लाखभर असावेत, असा अंदाज आहे. आधी मिलरने मार्च १८४३ ते मार्च १८४४ असं वर्ष सांगितलं. ते कोरडं गेलं. मग ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका मेळाव्यात सॅम्युएल स्नो नावाच्या उपदेशकाने नेमका दिवस दिला. ज्यू पंचांगातल्या सातव्या महिन्याची दशमी, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. आता गंमत बघा. ज्यू पंचांगातही आपल्यासारखा अधिक महिना असतो. रूढ पंचांगाप्रमाणे त्या वर्षी ही दशमी सप्टेंबरातच येत होती. पण कराईट नावाचा एक जुना पंथ जवाच्या पिकावरून वर्षारंभ धरतो, त्या हिशोबाने ती महिनाभर पुढे, २२ ऑक्टोबरला! दाते पंचांग मानायचं की टिळक पंचांग, यावर रात्र जागवणाऱ्या घरातली मी; ते पान वाचताना मला अगदी माहेरी गेल्यासारखं वाटलं. खुद्द मिलर शेवटपर्यंत कचरत होता. दोन-अडीच आठवडे उरले तेव्हा त्याने होकार दिला.

लोकांनी दुकानं बंद केली, कर्जं फेडून टाकली. न्यू हॅम्पशायरमधल्या एका शेतकऱ्याने बटाटे काढलेच नाहीत. त्याची गोष्ट अजून सांगतात, की वेळेवर काढलेले शेजाऱ्यांचे बटाटे रोगाने कुजले, याचे उशिरा निघालेले टिकले आणि त्यांना भाव चांगला आला. पांढरे झगे घालून लोक टेकड्यांवर चढले ही कथाही प्रसिद्ध आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. वर्तमानपत्रांनी आणि शेजाऱ्यांनी टिंगल करताना तिखटमीठ लावलं असणार. खरं काय झालं ते हायरम एडसन नावाच्या एका शेतकऱ्याने पुढे लिहून ठेवलंय. मध्यरात्र उलटली, आणि ते सगळे पहाट होईपर्यंत रडले.

इतिहासात या दिवसाला 'महान निराशा' म्हणतात. नंतर बरेच जण पांगले. काहींनी मात्र असा अर्थ लावला की तारीख बरोबरच होती, पण घटना पृथ्वीवरची नव्हती, स्वर्गातल्या मंदिरातली होती. त्यांच्यातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं. पुण्याच्या मंडळींना औंधजवळचं स्पायसर कॉलेज आठवत असेल, ते त्यांचंच. आहार साधा असावा, मांस टाळावं, यावर त्यांचा भर. मिशिगनमध्ये बॅटल क्रीक इथे त्यांचं आरोग्यधाम होतं, डॉक्टर केलॉग ते चालवायचे, आणि त्यांच्या नि त्यांच्या भावाच्या खटपटीतून कॉर्नफ्लेक्स निघाले. तर तुम्ही आत्ता हा अंक वाचताना जो कॉर्नफ्लेक्सचा चिवडा खात असाल, त्याचं मूळ शोधत गेलं तर कुठे पोचतं बघा!

मिलरनंतरही तारखा थांबल्या नाहीत. १९८८ साठी नासाच्या एका माजी अभियंत्याने ८८ कारणं देणारी पुस्तिका लिहिली, तिच्या लाखो प्रती गेल्या. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॅरल्ड कॅम्पिंग यांनी रेडिओवरून २१ मे सांगितला. न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त गृहस्थांनी आयुष्यभराची पुंजी, १,४०,००० डॉलर, त्याच्या जाहिरातींवर घातली. ख्रिस्ताने स्वतः सांगितलंय की तो दिवस, ती घटका देवदूतांनाही ठाऊक नाही. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. त्यावर या मंडळींचं उत्तर असतं की दिवस-घटका कळणार नाही म्हटलंय, साल-महिना कळणार नाही असं कुठे म्हटलंय? हसू नका. आमच्याकडेही एका अभियंत्याने २०१९ साली एक्सेलमध्ये हिशोब मांडून आमचं ग्रीन कार्ड २०२३ च्या दिवाळीला येणार असं सिद्ध केलं होतं. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन उघडायचं, तारीख कधी पुढे सरकते, कधी चक्क मागे जाते, की मग सुधारित एक्सेल.

मंडळात वसईची माझी एक मैत्रीण आहे, कॅथलिक. तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "तो पुन्हा येणार हे आम्ही दर रविवारी मिस्सामध्ये म्हणतो. नाताळाआधी चार आठवडे आगमनकाळ पाळतो, दर आठवड्याला एक मेणबत्ती वाढवतो. पण तारीख? तारीख विचारायची नसते गं." बहुतेक जुनी चर्चेस याच मताची आहेत.

ख्रिस्ती विचारवंतांमधला खरा वाद आणखी वेगळा आहे. प्रकटीकरणात ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख आहे. तो येणार ते त्या हजार वर्षांच्या आधी की नंतर? एक पक्ष म्हणतो, आधी. जग बिघडतच जाणार, तोच येऊन सावरेल. दुसरा म्हणतो, नंतर. आधी सुवार्ता, शिक्षण आणि न्याय जगभर पसरेल, मग तो येईल. तिसऱ्या पक्षाला हजार हा आकडाच रूपकात्मक वाटतो. मला हा आधी हेमाद्रीतला काथ्याकूट वाटला होता. पण मिलरच्या तरुणपणी याच न्यू इंग्लंडमध्ये 'आधी जग सुधारायचं' म्हणणाऱ्यांचा जोर होता, आणि त्या उत्साहातून १८१० साली अमेरिकन बोर्ड निघालं. त्यांचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला उतरले. १८२७ मध्ये सिंथिया फरार आल्या आणि मुलींच्या शाळांतच त्यांचा जन्म गेला. सावित्रीबाई शिक्षिका होण्याचे धडे घ्यायला गेल्या त्या तेव्हाच्या अहमदनगरला, याच फरारबाईंकडे. त्यांना माणसं ख्रिस्ती करायची होती हे उघड आहे, आणि ते मला पटतं असं नाही. पण 'तो अजून यायचा आहे, तोवर मुलींना वाचायला शिकवू' म्हणणारी बाई एका शिक्षिकेला कळते. 'मंगळवारी येणार' म्हटलं की शाळा कोण काढणार?

काकूंना मी यातलं काही बोलले नाही. नऊ दिवस झाले, ट्रेमधलं धान्य वीतभर उगवलं. ते बघायला त्या दोनदा येऊन गेल्या. परवा त्यांना फराळाला बोलवायला गेले. "कधी?" म्हणाल्या. आता काय सांगणार? कालनिर्णयात लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, इथल्या देवळाच्या पत्रकात २० ला, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲपवर त्यावरून चार दिवस रणधुमाळी चालू होती. तिथला सूर्य, इथला सूर्य, अमावास्या किती वाजता लागते, किती वाजता संपते, सगळं मी इमानदारीत समजावून सांगितलं. काकू शांतपणे ऐकत होत्या. मग सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडेही आहे हे!"

शेवटी २० ला बोलावलंय. किल्ली द्यायला गेले तर घेतली नाही. थँक्सगिव्हिंगला त्या खरंच बहिणीकडे जाणार आहेत, चार दिवस.