म्हैस म्हणजे काळी गाय नव्हे

कोजागरीला मंडळाच्या गच्चीवर आटीव दुधाचे पेले फिरत होते. नववीतली एक मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही जनावरांच्या डॉक्टर ना? मग सांगा, उंटाच्या कुबडात किती लिटर पाणी मावतं?"

मी म्हटलं, "एक थेंबही नाही."

तिचा चेहरा पडला. शाळेत कुणीतरी तिला पन्नास लिटर सांगितलं होतं. तेव्हा ठरवलं, या महिन्याचा लेख याच विषयावर. माझं निम्मं आयुष्य जनावरांची शरीररचना शिकवण्यात गेलंय, पण या सदरात तिच्याबद्दल कधी लिहिलंच नाही. वास येईल म्हणून असेल!

वास येतोच. आणंदला पशुवैद्यकीच्या पहिल्या वर्षाला असताना आमच्या शवविच्छेदनाच्या हॉलमधून घरी आले की आई आधी अंघोळीला पिटाळायची. पण मला त्या हॉलमधली वेगळीच गंमत आठवते. समोर टेबलावर असायची म्हैस आणि हातातल्या जाड पुस्तकात असायचा घोडा. सेप्टिमस सिसन यांचा तो ग्रंथ, पहिली आवृत्ती 1910 ची. त्यात घोडा सविस्तर, गाय त्या खालोखाल. म्हशीला आणि उंटाला मात्र आम्ही 'गाईसारखंच, थोडं वेगळं' असं धरून चालायचो. त्या 'थोडं वेगळं'मध्ये काय काय दडलंय, ते नोकरीला लागल्यावर कळलं.

आधी उंट. त्याच्या कुबडात चरबी असते. पाणी पोटातल्या पिशव्यांत साठतं ही समजूत तर फारच जुनी. उंटाच्या पोटाला गाईसारखे चार नाही, तीनच कप्पे असतात आणि पहिल्या कप्प्याच्या भिंतीत लहान लहान पिशव्या दिसतात. त्या पाहून लोकांना वाटलं, हीच टाकी! प्रत्यक्षात त्या पिशव्यांच्या आत ग्रंथी असतात आणि त्या पचनाच्या कामाच्या. क्नूट श्मिट-नील्सन नावाच्या शास्त्रज्ञाने 1953-54 मध्ये अल्जीरियाच्या वाळवंटात राहून उंटांचा अभ्यास केला, तेव्हा खरं गणित समोर आलं. उंट पाणी साठवत नाही, वाचवतो. तहानलेला असताना त्याच्या शरीराचं तापमान पहाटे 34 अंशांपर्यंत उतरतं आणि दुपारी 40 च्या वर चढतं. घाम गाळून अंग थंड करण्याऐवजी तो दिवसभर तापत राहतो आणि रात्री निवतो. पाणी मिळालं की दहा मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पिऊन टाकतो. आपण असं एकदम भरमसाट पाणी प्यायलो तर जिवावर बेतेल. त्याच्या तांबड्या पेशी मात्र लंबगोल असतात आणि दुपटीहून जास्त फुगल्या तरी फुटत नाहीत.

आणि हो, उंटाला पित्ताशय नसतं. दर वर्षी कोणीतरी विद्यार्थी यकृताखाली ते अर्धा तास शोधतो. मीही शोधलं होतं.

कच्छमध्ये नवीन असतानाची गोष्ट. हिवाळ्याचे दिवस होते. बाहेरगावाहून आलेला एक ट्रकवाला धावत आला, "बेन, रस्त्यावर एका उंटाचं आतडं तोंडातून बाहेर आलंय!" मी पिशवी घेऊन पळाले. पाहते तर खरंच, तोंडाच्या बाजूने गुलाबी फुग्यासारखं काहीतरी लोंबतंय, फेस गळतोय, गुरगुर आवाज येतोय. माझ्या हातात दोरा-सुई तयार. उंटाचा म्हातारा रबारी मालक शांतपणे विडी ओढत होता. म्हणाला, "माजावर आलाय. जरा थांबा, आत घेईल." दोन मिनिटांत तो फुगा आत गडप झाला. तो नराच्या मऊ टाळूचा भाग, 'डुल्ला' म्हणतात त्याला. माजाच्या दिवसांत नर तो हवेने फुगवून बाहेर काढतो, माद्यांवर छाप पाडायला आणि दुसऱ्या नरांना दम द्यायला. मी त्याला टाके घालायला निघाले होते! आमच्या पुस्तकात घोडा होता ना, घोड्याला डुल्ला नसतो.

तिथे हसण्यावारी गेलं. म्हशीच्या बाबतीत तसं नाही, कारण म्हशीवर घरं चालतात.

आपल्या आज्या म्हणायच्या, "म्हैस पान्हा चोरते." गाईच्या कासेत पान्हा सुटण्याआधीच साधारण पाचवा भाग दूध सडाच्या वरच्या पोकळीत उतरलेलं असतं. म्हशीत ते जेमतेम विसावा भाग. बाकी सगळं वर, बारीक बारीक कोशांत. शिवाय सडाचं तोंड घट्ट मिटलेलं. रेडकू ढुसण्या देतं, आंबोणाची पाटी समोर येते, ओळखीचा हात कासेला लागतो, मग मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध खाली येतं. म्हणजे म्हैस काही चोरत नाही, तिची कासच तशी घडलेली आहे. हे न समजता तिला गाईसारखी घाईने पिळायला गेलं की दूध येत नाही, मग काठी येते नाहीतर इंजेक्शनची सुई. रोज टोचून टोचून शेवटी अशी वेळ येते की सुईशिवाय ती पान्हाच सोडत नाही.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती मी आजवर टाळत आले.

बडोद्यात परत आल्यावर आमच्या सोसायटीमागच्या भरवाड वस्तीतल्या एका बाईने मला बोलावलं. जाफराबादी म्हैस, सात महिन्यांची गाभण. "भेंस खाती नथी," एवढंच ती म्हणाली. दूध एकदम आटलं होतं, पाठ वाकलेली, पुढचे कोपर बाहेर फेकून उभी होती. मी अपचन धरून औषध दिलं. चार दिवस तेच चालवलं. पाचव्या दिवशी गळ्याखाली सूज दिसली, मानेची शीर दोरीसारखी फुगली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण उशीर झाला होता. सातव्या दिवशी ती गेली.

शवविच्छेदन मीच केलं. गाय-म्हैस घास चावत बसत नाहीत. आधी गिळतात, मग निवांत रवंथ करतात. गालाच्या आतले काटे मागे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात आलेलं सहज थुंकताही येत नाही. जड वस्तू जाळीपोटात पडते. ते मधमाशीच्या पोळ्यासारखं असतं, टोकदार काही आलं की त्यात अडकतं. जाळीपोटाच्या पुढे श्वासपटल आणि पटलाच्या पलीकडे, काही बोटांवर, हृदय. पोट आवळलं की टोक पुढे सरकतं. पोटातलं वासरू मोठं होत जातं तसा मागून दाबही वाढतो. म्हशीचं श्वासपटल तर गाईपेक्षा जास्त वेळा दगा देतं. ते फाटून जाळीपोटच छातीत सरकल्याची प्रकरणं आमच्याकडे म्हशींतच अधिक येतात.

हृदयाच्या आवरणात मला तीन इंच लांबीची एक बारीक तार सापडली. एका टोकाला हिरव्या कागदाचा तुकडा गुंडाळलेला. हार आणि गुच्छ बांधतात ना, ती तार. गणपती होऊन जेमतेम महिना झाला होता. आमच्या सोसायटीचं निर्माल्य, महाप्रसादाच्या उरलेल्या पोळ्या आणि मखराचं सामान, सगळं एकाच ढिगात मागच्या भिंतीपाशी टाकलं होतं. ती तार आमचीच होती असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण नव्हती असंही सांगू शकत नाही.

त्या बाईने तार हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि मला परत दिली. एक शब्द बोलली नाही. माझ्या फीचे पैसे ती पदरातून काढायला लागली, तेव्हा मला तिथे उभं राहवेना.

वेळीच ओळखलं असतं तर कोठीपोट उघडून तार काढता आली असती. जाळीपोटात चुंबक सोडायची सोयही असते, तो तारेला धरून ठेवतो. ते सगळं मला येत होतं. मी फक्त लवकर विचार केला नाही. त्यानंतर माझ्या प्रत्येक वर्गाला पहिल्याच दिवशी ती तार दाखवते. माझ्या टेबलाच्या खणात ती काचेच्या बाटलीत आहे.

आता दिवाळीची आवराआवर सुरू होईल. जुना आकाशकंदील, तोरणं, दिव्यांच्या माळा, गुच्छ, स्टेपलरच्या पिना मारलेले खोके बाहेर निघतील. पोरांनो, एवढं एक काम तुम्ही घ्या. तार, पिना, खिळे वेगळ्या डब्यात काढा आणि भंगारवाल्याला द्या. उरलेल्या पोळ्या प्लास्टिकच्या पिशवीची गाठ मारून उकिरड्यावर टाकू नका. जनावर गाठ सोडत नाही, पिशवीसकट गिळतं.

आणि त्या कोजागरीच्या मुलीला सांगायचंय, येत्या रविवारी घरी ये. उंटाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवते. ती तारही दाखवेन.