एका रात्रीची समता

साहेब झालेले आपले काही भाऊ अपोलो बंदरच्या ताजमहाल हॉटेलात एक रात्र काढतात नि फोटो दाखवतात : बघा, समता आली! थू असल्या समतेवर!

१९०३ सालचं हे हॉटेल. समुद्राकडची खोली महाग, म्हणजे नुसतं पाणी बघायचंही भाडं. गोष्ट सांगतात, जमशेटजी टाटांना गोऱ्यांच्या हॉटेलानं दारातून परत धाडलं, म्हणून हा महाल बांधला. खरी असो, खोटी असो, कौतुकानं सांगतात. एका शेठचा अपमान झाला तर राजवाडा उठतो. आमच्या बापजाद्यांना हजार वर्षं दारातून हाकललं, त्याचं काय उठलं? २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्याचं ओंजळभर पाणी प्यालो, तर आमची डोकी फोडली.

१८७५ चा ससून डॉक, १८८० चा प्रिन्सेस डॉक. मुंबईची श्रीमंती हमालांच्या पाठीवरून उतरली. माझा आजा १९७२ च्या दुष्काळात मिरजगाव सोडून गोदीत आला. १९८९ ला न्हावा-शेवा उघडलं, माल कंटेनरात गेला, हजारो हात रिकामे झाले. त्यांना कुणी खोली दिली?

भावांनो, रात्रीची खोली कसली मागता? बंदराच्या कमाईतला वाटा मागा. तोही हात जोडून नाही.